‘ऐकतच नाहीत’ असं म्हणण्याआधी: अनेक आजारांच्या रुग्णाच्या सवयी बदलताना या चुका टाळा

“ताई, आता तुम्हीच सांगा. आमचं तर ऐकतच नाहीत.”

इंदूरमध्ये मधुमेहाच्या रुग्णांशी बोलायच्या खुर्चीवर मी गेली कित्येक वर्षं बसते, आणि हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. रामबागेतला मुलगा असो की सुदामानगरातली सून, सूर तोच. शेजारी वडील खाली मान घालून बसलेले. साखर, बीपी, किडनी निम्म्यावर आलेली, आणि त्यावर मनाचं काहीतरी, ज्याला घरात अजून कुणी नाव दिलेलं नसतं.

असेच एक आजोबा होते. रोज सकाळी राजवाड्याकडे जाऊन पोहे खायचे, वर मूठभर सेव आणि भरपूर जीरावण मसाला. किडनीवाल्या डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. सेवेत मीठ, जीरावणात काळं मीठ, तेव्हा मुलानं पोहे बंद केले. मुलाचं चूक म्हणता येणार नाही. पण महिन्याभरात आजोबा घराबाहेर पडेनासे झाले. गोळ्या चुकू लागल्या आणि साखर वाढली. आजी जाऊन आठ महिने झाले होते. त्या ठेल्यावर त्यांना चार जुने सोबती भेटायचे, आणि दिवसभरात त्यांच्याशी गप्पा मारणारं दुसरं कुणी नव्हतं.

मला सर्वांत मोठी वाटते ती चूक हीच. सवय दिसते, पण तिनं त्या माणसाला कुठे टेकू दिला आहे ते आपण बघत नाही, आणि टेकू काढून घेतला की माणूस खचतो. म्हणून कुठलीही गोष्ट बंद करण्याआधी एवढं विचारा: “बाबा, यातलं तुम्हाला काय आवडतं?” आणि मग गप्प बसून ऐका.

उदासीला आळस समजणं

मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं. तरीही “चालायला जात नाही” या तक्रारीवर आपला पहिला विचार आळसाचाच असतो. नैराश्य ओळखायला ९ प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली वापरतात. गेल्या २ आठवड्यांत कशातच रस वाटला नाही का, झोप कशी आहे, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं असे प्रश्न, आणि एकूण गुण ० ते २७. १० किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांनी नीट तपासायला हवं.

इथे एक अडचण आहे. थकवा आणि रात्रीची मोडलेली झोप वाढलेल्या साखरेनंही होते. किडनीच्या आजारात रक्त कमी होतं, मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, थायरॉईडही असतो. त्यामुळे नुसत्या थकव्यावरून निष्कर्ष काढू नका. रक्त तपासून घ्या आणि रस उडणं, अपराधी वाटणं, “मी ओझं झालोय” अशी भाषा यांकडे कान ठेवा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. त्याला “हो” आलं तर पथ्याच्या गप्पा तिथेच थांबवा, माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे.

नैराश्याकडे लक्ष न देता पथ्य लादलं तर ते टिकत नाही. आधी मन थोडं सावरू द्या. चालणं त्याच उपचाराचा भाग होऊ शकतं, पण सुरुवात नेहरू पार्कच्या चार फेऱ्यांनी नको. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले तरी पुष्कळ.

“आजपासून एकदम बंद”

ही चूक जिवावर बेतू शकते, म्हणून जरा थांबून वाचा.

रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाला घरचे एखाद्या दिवशी शपथ घालतात, बाटल्या फेकतात, दाराला कुलूप लावतात. नवरात्राच्या आदल्या दिवशी तर हे हमखास होतं. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होतात, वेळकाळाचं भान सुटतं, आणि ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. साखर, बीपी, यकृताचे आजार असतील तर धोका आणखी वाढतो. रोज पिणाऱ्याची दारू सोडवायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ते थरथर शमवणारं औषध देतात, बी-१ जीवनसत्त्व देतात, गरज पडली तर भरती करतात. आधी कधी सोडताना फिट आली असेल तर घरी प्रयत्न करूच नका.

बीडी-सिगारेटचंही एक प्रकरण आहे, जे बऱ्याच घरांना कुणी सांगितलेलं नसतं. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत क्लोझापिन आणि ओलॅन्झापिन ही गंभीर मानसिक आजारावरची औषधं जास्त वेगानं शरीराबाहेर टाकतं. धूर थांबला की हा वेग मंदावतो आणि त्याच गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण आठवड्याभरात वाढतं. खूप झोप, लाळ गळणं, क्लोझापिनवर असताना फिटसुद्धा. म्हणून बीडी सोडायची तारीख ठरवली की ती मनोविकारतज्ज्ञांना आधी कळवा, ते डोस बघतील. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. निकोटिनच्या च्युइंगगममुळे किंवा चघळायच्या तंबाखूमुळे तो होत नाही. बीडी मात्र सोडायचीच. गंभीर मानसिक आजार असलेल्यांचं आयुष्य कमी होण्यात धूम्रपानाचा मोठा हात आहे. तंबाखू सोडायला १८००-११-२३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत मार्गदर्शन मिळतं.

याच दोन औषधांनी वजनही बरंच वाढतं. ती घेणाऱ्या तरुणाला “वजन तुझ्या हातात आहे” म्हटलं की तो गोळ्याच बंद करतो आणि आजार उलटतो. त्याच्या मनोविकारतज्ज्ञांना विचारा की दुसरं औषध चालेल का. तोवर भूक गोळीमुळे वाढली आहे हे त्याला स्पष्ट सांगा. मी हे सांगितल्यावर काही मुलं माझ्यासमोर रडली आहेत, कारण तोवर प्रत्येकानं त्यांना खादाडच म्हटलेलं असतं.

भीती घालणं, वाद घालणं

“पाय कापावा लागेल” हे एकदा सांगितलं की पुरे. रोज सांगितलं की माणूस ऐकणं सोडतो, किंवा डॉक्टरांकडे जाणंच सोडतो. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये दारूच्या रुग्णांबद्दल लिहिताना हेच मांडलं होतं: आपण बदलाची बाजू घेऊन जितकं भांडतो, तितका समोरचा न बदलण्याची बाजू धरतो. बदलायची कारणं त्याच्या तोंडून यायला हवीत.

ती कशी येतात? विचारा, “तंबाखू सोडायची तयारी ० ते १० मध्ये किती?” समजा काका म्हणाले, “तीन.” घरचे लगेच विचारतात, “तीनच का?” आणि काका सबबी सांगू लागतात. त्याऐवजी विचारा, “शून्य का नाही?” मग काका म्हणतात, “नातीला माझ्या तोंडाचा वास आवडत नाही.” बस, हे धरून ठेवा. तुमच्या दहा कारणांपेक्षा ते मोठं आहे.

चार डॉक्टर, चार याद्या

एकजण म्हणतो फळं खा, दुसरा म्हणतो फळांतलं पोटॅशियम टाळा. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. घरात मात्र साखरेचा डबाच लपवलेला. बीपीसाठी आणलेल्या ‘कमी सोडियम’च्या मिठात पोटॅशियम असतं, किडनी कमजोर असेल तर ते धोक्याचं. नारळपाण्याचंही तसंच. सगळे कागद एकाच फाइलमध्ये घालून एका डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा: “या महिन्यात एकच गोष्ट करायची तर कोणती?”

एकादशीचंही आधीच विचारून ठेवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर घसरते, आणि साबुदाण्याची खिचडी भरपेट खाल्ली तर चढते.

इतकं करूनही गाडी अडली तर

आधी साध्या गोष्टी तपासा. इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या रेघा दिसतात का? गोळ्या परवडतात का, की महिनाअखेरीला एकाआड एक घेतल्या जातात? दात दुखतात म्हणून भाकरीऐवजी बिस्किटं चालली आहेत का? विसर पडतो आहे का? स्वयंपाक कोण करतं, आणि त्या बाईशी कुणी बोललंय का? “कळलं ना?” असं विचारू नका, “घरी गेल्यावर काय करणार ते मला सांगा” म्हणा. मी हे करू लागले तेव्हा माझं सांगणं किती जणांपर्यंत पोचतच नव्हतं ते मला दिसलं.

आणि एक दिवस चुकला म्हणून पुन्हा शून्यापासून मोजू नका. सवय २१ दिवसांत लागते हे खरं नाही. लंडनमधल्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले होते, आणि माणसामाणसांत १८ ते २५४ दिवस इतका फरक होता. अधूनमधून एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नव्हतं.

आजोबांचं सांगायचं राहिलं. मुलाशी बोलून आम्ही त्यांचं ठेल्यावर जाणं परत सुरू केलं. आठवड्यातून तीनदा अर्धी प्लेट, सेव आणि जीरावण नाही, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. बाकीचे दिवस तिथे फक्त बिनसाखरेचा चहा आणि सोबती. जायचं यायचं पायी. उदासीची गोळीही सुरू झाली. पुढच्या तीन महिन्यांच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, थोडाच उतरला होता, आणि मुलाला तेवढं कमी वाटलं. आजोबांनी मात्र फाइलमधून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. एकही गोळी चुकली नव्हती.