मुलांना लावायला फुलांचे कंद कसे निवडायचे (आणि रोज उकरून बघण्यापासून कसे वाचवायचे)

आधी माझी फजिती सांगते. पुतण्याने मोबाईलवर लालभडक ट्यूलिपचा फोटो बघितला नि हट्टच धरला, मग काय, मागवले पाच कंद. पुण्यातली बाल्कनी, दुपारचं ऊन, त्यात ती कुंडी. तीन कंदांना जेमतेम पानं आली, दोन तर आतल्या आत कुजले, आणि पोरगं रोज संध्याकाळी विचारायचं, काकू, मेला का तो? ट्यूलिपला लावायच्या आधी किंवा लावल्यावर १२ ते १६ आठवडे चांगली थंडी लागते, श्रीनगरला ती आपोआप मिळते, आपल्याकडे फ्रिजमध्ये ठेवून आणावी लागते. त्यातही फ्रिजमध्ये सफरचंद-केळी असतील तर त्यांच्यातून जो वायू सुटतो त्याने कंदाच्या पोटातली कळीच मरते. एवढे सोपस्कार सात वर्षांच्या पोरासाठी? नको. फोटो बघून कंद घ्यायचा नाही हे तेव्हा कळलं.

स्टेप १: मुलाचा धीर किती ते बघा

वय बघू नका, धीर बघा. काही मुलं चार वर्षांची असून महिनाभर कुंडीसमोर शांत बसतात, काहींना दहाव्या वर्षी पण दोन दिवसांत काहीतरी दिसलं पाहिजे. म्हणून कुठलाही कंद घेताना फुलाच्या रंगाआधी हे विचारायचं की पहिली हालचाल किती दिवसांत दिसेल.

स्टेप २: सुरुवात स्वयंपाकघरातल्या कांद्यापासून

हसू नका, कांदा म्हणजे कंदच की. टोपलीतला घट्ट कांदा घ्या, त्याला चारी बाजूंनी टूथपिक टोचा आणि काचेच्या ग्लासवर असा बसवा की फक्त खालची दाढी पाण्याला टेकेल, कांदा बुडवायचा नाही, सडतो. चार-पाच दिवसांत पांढरी मुळं सुटायला लागतात, मग वरून हिरवी पात. पाणी एक-दोन दिवसांनी बदला नाहीतर घरभर वास. सोबत एक कोंब आलेला कांदा उभा चिरून दाखवा, मधोमध हिरवा कोंब नि भोवती रसाळ थर, म्हणजे झाडाने डबा भरून ठेवलाय हे मुलाला न सांगता कळतं. नंतर तो ग्लासातला कांदा कुंडीत लावला तर पुढे डेंगळा येऊन पांढऱ्या फुलांचा गोंडा पण येऊ शकतो.

स्टेप ३: आता खरी निवड

रेन लिली (आपली पावसाळी लिली). पहिल्यांदा लावत असाल तर डोळे झाकून हीच घ्या. गुलाबी, पांढरी, पिवळी मिळते. कंद छोट्या कांद्याएवढे, मुलाच्या मुठीत मावतात. एकच कंद लावू नका, एका कुंडीत आठ-दहा लावा कारण एक फूल जेमतेम एक-दोन दिवस टिकतं. मे मध्ये लावले नि कंद भरलेले असले तर त्याच पावसाळ्यात फुलं येतात, आणि गंमत अशी की माती थोडी सुकलेली असताना जोरात पाऊस पडला की काही दिवसांत कळ्या वर येतात. मुलाला कॅलेंडरवर पाऊस पडलेला दिवस लिहायला सांगा आणि पहिली कळी दिसेपर्यंतचे दिवस मोजू द्या, आमच्याकडे यावर पैज लागते.

निशिगंध. तीन-चार महिने लागतात, म्हणजे थोडा धीर असलेलं मूल हवं. पण एप्रिल-मे मध्ये लावला तर फूल गौरी-गणपतीच्या आसपास येतं, नि स्वतः लावलेली गुलछडी गौरीपुढे ठेवायला मिळाली की पोरं आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरतात. दांड्यावरच्या कळ्या खालून वर उमलत जातात, रोज रात्री आज कितवी उमलली हे बघायचं. वास पण संध्याकाळनंतरच चढतो.

ग्लॅडिओलस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावायचा, दोन-तीन महिन्यांत फूल. हा चिरून बघितला तर कांद्यासारखे थर नसतात, सुरणासारखा भरीव असतो. सीझन संपल्यावर उकरा, खाली जुना सुरकुतलेला नि त्याच्या डोक्यावर नवा कंद बसलेला दिसतो, मुलांना हे फुलापेक्षा जास्त आवडतं हा माझा अनुभव. दांडा उंच होतो, काठीचा आधार द्या.

फुटबॉल लिली म्हणजे तो केशरी-लाल चेंडू, मे-जूनच्या सुमारास वर्षातून एकदाच येतो. थंडीत पानं जाऊन कुंडी रिकामी दिसते, त्यामुळे हे पहिल्यांदा नको, दुसऱ्या वर्षी घ्या. अमॅरिलिस महाग, पण दांडा इतका भराभर वाढतो की भिंतीला कागद लावून रोज पेन्सिलने खूण करता येते. त्याची मान मातीच्या वर ठेवायची, पूर्ण गाडायचा नाही.

आणि कास किंवा कुठल्याही डोंगरावरून कंद उकरून आणायचा नाही, मुलाने कितीही हट्ट केला तरी. तिथे बघायचं नि तिथेच सोडायचं.

स्टेप ४: नर्सरीत हात लावून घ्या

पाकिटाबंद घेण्यापेक्षा सुटे घ्या. अंगठ्याने बुडाशी दाबून बघा, मऊ लागला, ओला लागला किंवा कुबट वास आला की परत ठेवा. उचलल्यावर वजन जाणवलं पाहिजे, हलका म्हणजे आतून वाळलेला. एकाच जातीत मोठा कंद घ्या, बारका घेतला तर पहिल्या वर्षी नुसती पानंच येतात आणि मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. हे निवडायचं काम मुलालाच द्या, दाबून बघायला त्यांना मजा येते.

स्टेप ५: तोंडात घालायचं नाही, हे आधी

हे गंमतीत घेऊ नका. रेन लिली, अमॅरिलिस, फुटबॉल लिली या सगळ्यांचे कंद विषारी, पोटात गेले तर उलट्या होतात. आणि दिसतात कांद्यासारखे! आपणच आधी कांदा लावायला शिकवलेलं असतं, म्हणून मुलाला दोन्ही शेजारी ठेवून स्पष्ट सांगा की हा खायचा आणि हा नाही. कंद स्वयंपाकघरात ठेवायचे नाहीत, रेन लिलीची कुंडी कांद्याच्या पातीच्या कुंडीशेजारी नको, लावून झालं की हात साबणाने धुवायचे. रांगतं किंवा सगळं तोंडात घालणारं बाळ घरात असेल तर हे कंद आत्ता आणूच नका, ग्लासातला कांदा पुरे. कळलावी तर कितीही सुंदर दिसली तरी मुलांच्या घरात नको, तिचा कंद जीवघेणा आहे.

स्टेप ६: लावताना

माती, जुनं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी वाळू, कुंडीला खाली भोक हवंच. कंद जेवढा उंच त्याच्या साधारण दुप्पट खोल लावायचा (अमॅरिलिस सोडून). टोक वर, मुळांची बाजू खाली. कळत नसेल तर आडवा ठेवा, तो आपला आपण वळून वर येतो.

पाणी हा खरा घोळ. मुलांना झाड म्हणजे पाणी घालायचं असतं, सकाळी एकदा, शाळेतून आल्यावर एकदा, पाहुणे आले की त्यांना दाखवायला अजून एकदा, आणि कंद चिखलात कुजतो. आमच्याकडे नियम असा की आधी बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालायचं, कोरडं निघालं तरच पाणी. तरीही हात शिवशिवत असतील तर शेजारी तुळस ठेवा नि तिच्या पानांवर स्प्रे मारायला द्या.

स्टेप ७: उकरून बघणाऱ्यांसाठी

उकरणारच. त्यामुळे पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापा, खाली भोकं पाडा आणि एक कंद अगदी कडेला, भिंतीला चिकटून लावा. बाहेरून काळा कागद गुंडाळून रबरबँड लावा, मुळांना अंधार लागतो. रोज एकदा कागद काढायचा, बघायचं, परत गुंडाळायचा. पुतण्याने पहिल्या दिवशी अकरा वेळा काढला, चौथ्या दिवसापासून शाळेतून आल्यावर एकदाच.

फूल संपल्यावर दांडा कापा पण पानं हिरवी आहेत तोवर कापू नका, तीच पुढच्या वर्षीसाठी कंद भरत असतात. निशिगंधाचा ज्या कंदाला फूल येऊन गेलं तो परत फुलत नाही, भोवतीची पिल्लं फुलतात, ती सुटी करून लावा. झोपलेल्या कुंडीत आईस्क्रीमची काडी खोचा आणि तारीख लिहा, नाहीतर मोठी माणसंच रिकामी समजून त्यात कोथिंबीर पेरतात. आमच्या फुटबॉल लिलीच्या काडीवर सध्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलंय, “आत आहे. आजी, उकरू नको.”