शस्त्र परवान्याचा अर्ज: नागरिकाने काय मागावे आणि सरकारला काय विचारावे

भारतात बंदूक बाळगणे हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही. शस्त्र परवान्याचा अर्ज लिहायला बसण्यापूर्वी ही गोष्ट पक्की समजून घ्यावी, कारण "स्वतःचे संरक्षण हा माझा हक्क आहे, म्हणून मला पिस्तूल मिळालेच पाहिजे" या सुरात लिहिलेला अर्ज पहिल्याच टेबलावर कमकुवत ठरतो. तथापि, परवाना ही जिल्हाधिकाऱ्यांची किंवा पोलीस आयुक्तांची मेहेरबानीही नव्हे. शस्त्र अधिनियम, १९५९ ने अधिकाऱ्याला नकाराचा अधिकार दिला आहे, त्याचबरोबर तो नकार कोणत्या कारणांसाठी, कशा स्वरूपात आणि कोणत्या चौकशीनंतर द्यायचा याची बंधनेही घातली आहेत. अर्जदाराचे खरे काम ही बंधने ओळखणे आणि अर्जाची मांडणी त्यांना धरून करणे हे आहे.

हक्क का नाही, याला इतिहास आहे, आणि तो ठाऊक असल्यास कायद्याचा रोख लवकर कळतो. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ साली झालेल्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली. या भेदभावामुळे हा कायदा राष्ट्रीय चळवळीच्या रोषाचा विषय झाला. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत घातला होता. हाच धागा धरून ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. परकीय सरकारने जनतेला नि:शस्त्र केले तेव्हाची परिस्थिती आता उरलेली नाही, असा हक्क सरसकट दिला तर सराईत गुन्हेगारही तो मागतील, आणि आग्रह धरायचाच असेल तर शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा धरावा, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. दुरुस्ती फेटाळली गेली. अनुच्छेद १९ मध्ये शस्त्राचा उल्लेख आला तो "शांततेने व विनाशस्त्र" एकत्र जमण्याच्या संदर्भात, म्हणजे नेमका उलट बाजूने.

न्यायालयात हा वाद पुन्हा एकदा उभा राहिला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या १९९३ मधील एका निकालाने, अप्रतिबंधित बोअरचे (म्हणजे नळीच्या ज्या मापाचे शस्त्र सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळू शकते त्या मापाचे) शस्त्र बाळगणे अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात येते असे म्हटले होते. त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने पुढे ती भूमिका मोडीत काढली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, अमेरिकेप्रमाणे आपल्या संविधानात शस्त्राचा मूलभूत हक्क नाही, हे पुन्हा नोंदवले. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीमुळे प्रश्नाची दिशाच वेगळी आहे. न्यूयॉर्क राज्यात शस्त्र जवळ बाळगून फिरण्याच्या परवान्यासाठी अर्जदाराने "योग्य कारण" दाखवावे अशी अट होती, ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे नेमके कारण दाखवणे हाच अर्जाचा गाभा आहे. त्यामुळे अमेरिकी वादातील युक्तिवाद, कितीही जोरदार वाटले तरी, इथल्या अर्जात उतरवून काहीही साधत नाही.

कोणत्या दारातून अर्ज करायचा

अधिनियमाचे कलम १३ वाचताना उपकलम (३) वर थांबावे. त्यात दोन दारे आहेत, आणि बहुतेकांचे लक्ष फक्त दुसऱ्याकडे जाते.

पहिल्या दाराची भाषा परवाना "देईल" अशी आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे व्यवहारात बारा बोअर. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक. आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी लागणारे शस्त्र, हे प्रकार त्यात येतात. कलम १४ मधील अडथळा नसेल तर या प्रकारांत अधिकाऱ्याच्या मर्जीला फारशी जागा उरत नाही. दुसरे दार बाकी सर्व शस्त्रांचे, म्हणजे मुख्यतः रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलाचे. तेथे अर्जदाराकडे "चांगले कारण" आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. ९ मिलिमीटर किंवा .३०३ सारखी प्रतिबंधित बोअरची शस्त्रे या दोन्ही दारांच्या पलीकडची असून त्यांचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हाती असतो. सामान्य अर्जदाराने त्या वाटेला जाऊ नये.

माझ्या मते, ज्याच्या घराला किंवा बागेला खरोखर संरक्षण हवे आहे, त्याने पहिले दार आधी तपासावे. रिव्हॉल्व्हरचा हव्यास पुष्कळदा गरजेपेक्षा प्रतिष्ठेतून येतो, आणि तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यालाही ते उमगते.

पीक संरक्षणाबाबत एक गोष्ट दक्षिण कोकणातील बागायतदारांना सांगणे आवश्यक आहे, कारण सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात शेतीसंरक्षणाची बंदूक घरात असणे नवलाचे नाही. हा परवाना शस्त्र जवळ ठेवण्याचा आहे, शिकारीचा नव्हे. रानडुक्कर भातात शिरले तरी त्याला मारण्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये सक्षम वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते; हवेत बार काढून जनावर पिटाळणे आणि त्याला गोळी घालणे यांत कायद्याने मोठे अंतर ठेवले आहे. बंदुकीचा परवाना खिशात आहे म्हणून गव्यावर नेम धरणारा माणूस दोन कायद्यांच्या कचाट्यात सापडतो.

कारण कसे लिहावे

अर्ज नमुना ए-१ मध्ये, शस्त्र नियम, २०१६ नुसार करायचा असतो. आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त आणि अन्यत्र जिल्हादंडाधिकारी हे परवाना प्राधिकारी असतात. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे. सोबत ओळख व निवासाचे पुरावे, शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याचे हमीपत्र, शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाची पूर्तता लागते. हा भाग कागद गोळा करण्याचा आहे आणि कार्यालयातील यादी पाहून तो पुरा होतो.

खरा कस कारणाच्या रकान्यात लागतो. "जिवाला धोका आहे" हे तीन शब्द कारण ठरत नाहीत. धोका कोणत्या कामामुळे आहे, कोणत्या रस्त्याने व कोणत्या वेळी प्रवास करावा लागतो, रोख रक्कम किंवा मौल्यवान माल नेण्याचा व्यवसाय असल्यास त्याची कागदोपत्री नोंद काय, यापूर्वी धमकी आली असेल तर तिची तक्रार कोणत्या ठाण्यात व कधी दिली, हे सर्व लिहावे आणि प्रत्येकाला कागद जोडावा. नियमांनी स्वतःच काही वर्ग सांगितले आहेत: व्यवसाय किंवा नोकरीच्या स्वरूपामुळे जीवित-मालमत्तेचे रक्षण करावे लागणारे, नेमबाजी क्लबचे निदान दोन वर्षे सक्रिय असलेले खेळाडू, आणि खरी गरज असलेले सैन्यदल किंवा पोलीस दलातील आजी-माजी कर्मचारी. आपण यांपैकी कोणत्या वर्गात बसतो हे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात यावे. तक्रार कधीच न देता थेट शस्त्र मागणाऱ्याला, "मग तुम्ही पोलिसांकडे का आला नाहीत?" हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याला चांगले उत्तर नसते.

स्वतःवर दाखल असलेला गुन्हा, मग तो शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणाचा का असेना, लपवू नये. हिंसा किंवा नैतिक अध:पतनाच्या गुन्ह्यातील शिक्षा, आणि शांतता राखण्यासाठी लिहून घेतलेले बंधपत्र, यांमुळे ठरावीक काळ शस्त्र बाळगण्यास मनाई होते. नुसता प्रलंबित खटला आपोआप तसा अडथळा ठरत नाही. महत्त्वाची माहिती दडवून घेतलेला परवाना मात्र कलम १७ नुसार पुढे केव्हाही रद्द होऊ शकतो. उघड केलेल्या गुन्ह्यावर युक्तिवाद करता येतो, दडवलेल्यावर येत नाही.

विलंब आणि नकार

अर्ज आल्यावर प्राधिकारी जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतो. नियमांनी या अहवालासाठी ३० दिवस आणि अहवाल मिळाल्यावर निर्णयासाठी ६० दिवस दिले आहेत. प्रत्यक्षात अर्ज ठाणे, उपविभागीय अधिकारी आणि विशेष शाखा यांच्यात फिरत राहतो, हे कोणत्याही कार्यालयाच्या बाकावर बसलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. अशा वेळी तक्रारीपेक्षा कलम १३ मधील एक तरतूद अधिक कामाला येते: पोलिसांचा अहवाल मुदतीत न आल्यास प्राधिकारी त्याची वाट न पाहता आदेश देऊ शकतो. त्या तरतुदीचा उल्लेख करून लेखी स्मरणपत्र द्यावे, त्याची पोच घ्यावी, आणि उत्तर न आल्यास माहितीचा अधिकार अधिनियमाखाली आपला अर्ज कोणत्या तारखेपासून कोणाकडे आहे एवढेच विचारावे. "का अडवले" असे विचारू नये. त्याला माहिती म्हणून उत्तर मिळत नाही.

नकार आला तर तो लेखी असलाच पाहिजे. कलम १४ मध्ये नकाराची कारणे मोजकी आहेत: अर्जदारास कायद्याने मनाई असणे, तो मनोविकल असणे, अन्य कारणाने अपात्र असणे, किंवा सार्वजनिक शांतता वा सुरक्षिततेसाठी नकार आवश्यक असणे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे कायद्याने स्पष्ट लिहिले आहे आणि गरीब शेतकऱ्याने ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. प्राधिकाऱ्याने कारणे नोंदवावीत आणि मागणी केल्यास त्यांचे संक्षिप्त निवेदन द्यावे लागते. सार्वजनिक हिताचे कारण देऊनच ते रोखता येते. म्हणून आदेश हाती आल्यावर पहिली कृती हे निवेदन लेखी मागण्याची असावी. कारणांवाचून केलेले अपील अंधारात मारलेल्या दगडासारखे असते.

कलम १८ खालील अपील ३० दिवसांत करावे. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे आणि पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे, म्हणजे गृह विभागाकडे, ते जाते. या दुसऱ्या वाटेबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. पोलिसांनी धोकादायक मानलेल्या माणसाला शस्त्र द्यायचे की नाही, याचा अंतिम निर्णय राजकीय पदावरील व्यक्तीपुढे गेला की गुणवत्तेवर नाकारलेला अर्ज ओळखीवर मंजूर होण्याची भीती राहते. अर्जदाराने मात्र तेथेही ओळखीऐवजी मुद्द्यांचा आधार घ्यावा: आदेशात कलम १४ मधील कोणते कारण दिले आहे, त्याला कोणता पुरावा आहे, आणि पोलीस अहवालात नसलेली कोणती गोष्ट आदेशात आली आहे. हेच मुद्दे पुढे उच्च न्यायालयात रिट याचिकेसाठी उपयोगी पडतात.

परवाना मिळाल्यावर

२०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोन केली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. त्याच दुरुस्तीने लग्न-वरातीतील गोळीबाराला स्वतंत्र गुन्हा ठरवले असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची किमान शिक्षा दोन वर्षे झाली. परवान्याची मुदत उलटून गेल्यावर कपाटात पडून राहिलेली बंदूकही विनापरवानाच ठरते, याचा अनेकांना विसर पडतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या निदान दोन महिने आधी द्यावा. शस्त्राच्या वापराचा निवाडा परवान्यावर नव्हे, तर भारतीय न्याय संहितेतील खासगी बचावाच्या कलमांवर (३४ ते ४४) होतो, आणि ती कलमे धोक्याच्या प्रमाणापलीकडे केलेल्या इजेला संरक्षण देत नाहीत.

निवडणूक जाहीर झाली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येते. येथे सरकारी अधिकाराची सीमा न्यायालयाने आखून दिली आहे: सर्व परवानाधारकांना सरसकट आदेश देता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर निवडणूक आयोगाने २००९ मध्ये मार्गदर्शक सूचनांत आणले. जिल्हा पातळीवरील छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करावा, जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले आणि पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणूक काळात, सहभागी असलेले यांच्याकडे प्रामुख्याने लक्ष द्यावे, अशी ती पद्धत आहे. नोटीस आल्यास ती समितीच्या निर्णयावर आधारलेली आहे का, हे विनयाने लेखी विचारावे. मात्र उत्तर येईपर्यंत शस्त्र अडवून ठेवू नये. ते जमा करून पावती घ्यावी आणि हरकत नंतर चालवावी. शेजारच्या कर्नाटकात कोडगू जिल्ह्यातील कोडवांना परवान्यापासूनच मिळालेली सूट २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. ती कलम ४१ खालील विशेष सूट असल्याने महाराष्ट्रातील परवानाधारकाला तिचा आधार घेता येत नाही.

वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावरील बंदूक घरात असेल, तर मूळ धारकाच्या निधनानंतर ती तशीच ठेवू नये. आधी जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि मग वारसाने आपल्या नावावर अर्ज करावा. धारक हयात असतानाही, त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असल्यास किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले असल्यास, वारसाच्या नावे हस्तांतराची सोय नियमांत आहे. वारसाची चौकशी मात्र नव्या अर्जदारासारखीच होते, आणि त्याच्या नावावर आधीच दोन शस्त्रे असतील तर वारशाचे तिसरे त्याला ठेवता येत नाही.