पार्ट्स ऑफ स्पीच शिकायचेत? शब्दाची शेपटी सोडा, जागा बघा

भाचीची परीक्षा जवळ आली की फोन येतो, मामा ते पार्ट्स ऑफ स्पीच, म्हणजे शब्दांच्या जाती, परत सांग ना. व्याख्या तिच्या सगळ्या पाठ आहेत, नाउन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग, एका दमात म्हणून दाखवते. आणि पेपरात 'आय वॉटर द प्लँट्स' मधल्या वॉटरखाली रेघ मारून जात विचारली की बिनधास्त नाउन लिहून येते, कारण वॉटर म्हणजे पाणी आणि पाणी ही वस्तू. तिला काय बोलणार, पाठ केलेल्या व्याख्येप्रमाणे ती बरोबरच आहे की.

तर आधी एक दिलासा, यात नवीन पाठ करायचं फार काही नाहीये. नाम (नाउन), सर्वनाम (प्रोनाउन), विशेषण (ॲडजेक्टिव्ह), क्रियापद (व्हर्ब), क्रियाविशेषण (ॲडव्हर्ब), शब्दयोगी (प्रेपोझिशन), उभयान्वयी (कंजंक्शन), केवलप्रयोगी (इंटरजेक्शन), हे आठ आपण मराठीच्या तासाला घोकलेलेच आहेत, आणि इंग्रजीचे शाळेतले आठ साधारण तेच. हा योगायोग नाही बरं का, दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचं व्याकरण लिहिलं, 1836 साली छापलं, ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रचलेलं होतं. त्यामुळे कप्पे तुमच्या ओळखीचे आहेत, फक्त कुठला शब्द कुठल्या कप्प्यात टाकायचा ते ओळखायची रीत वेगळी आहे आणि सगळा घोळ तिथेच होतो.

ती रीत अशी. मराठीत 'वाघाने बोकड मारला' म्हणा नाहीतर 'बोकड वाघाने मारला' म्हणा, मेला बोकडच, कारण वाघाला 'ने' ची शेपटी आहे. इंग्रजीत 'द टायगर किल्ड द गोट' उलटं करून 'द गोट किल्ड द टायगर' केलंत की बोकडाने वाघ मारला! शेपटीच नाही, जागेवरून ठरतं. विशेषणाचंही तेच, आपल्याकडे चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल, आणि तिकडे सगळ्यांना एकच 'गुड'. म्हणजे इंग्रजी शब्द नुसता बघून त्याची जात बऱ्याचदा कळत नाही, तो वाक्यात कुठे बसलाय आणि काय काम करतोय ते बघावं लागतं. आपल्या डोळ्यांना सवय शेपटी शोधायची, म्हणून आपण गंडतो.

मग करायचं काय, तर शब्दाला धक्का देऊन बघायचा. नाउन वाटतंय? त्याच्या आधी 'द' किंवा 'माय' लावून बघा, 'माय वॉटर' चालतं पण 'आय माय वॉटर द प्लँट्स' हे काय झालं, काहीच नाही, म्हणजे इथे नाउन नाही. व्हर्ब वाटतंय? वाक्य कालच्या दिवसात ढकला, 'यस्टरडे आय वॉटर्ड द प्लँट्स', शब्द बदलला की व्हर्ब पकडला. कट, पुट, हिट असले काही हट्टी शब्द भूतकाळातही बदलत नाहीत, त्यांच्यासाठी कर्ता 'ही' करा, 'ही कट्स' असा एस चिकटला की झालं. ॲडजेक्टिव्ह असेल तर बहुतेक वेळा आधी 'व्हेरी' बसतं, पण व्हेरी ॲडव्हर्बच्या आधीही बसतं, म्हणून पुढचा प्रश्न विचारायचा की हा शब्द कोणाबद्दल बोलतोय, वस्तूबद्दल की क्रियेबद्दल. 'अ फास्ट ट्रेन' मधला फास्ट गाडीबद्दल, 'ही रन्स फास्ट' मधला फास्ट धावण्याबद्दल. शब्द तोच, जात बदलली.

आणि ते 'शेवटी एलवाय आला की ॲडव्हर्ब' हे सूत्र कोणी शिकवलं असेल तर अर्धंच लक्षात ठेवा. फ्रेंडली, लव्हली, लोनली हे तिन्ही ॲडजेक्टिव्ह आहेत. आणि 'हार्ड' चं ॲडव्हर्ब 'हार्डली' समजून मी स्वतः एका अर्जात 'आय वर्क हार्डली' लिहिलेलं, म्हणजे मी जेमतेमच काम करतो. नोकरी नाही मिळाली, कारण हेच असेल असं नाही, पण असो. मेहनतीने काम करतो म्हणायचं तर नुसतं 'आय वर्क हार्ड'.

व्हर्बच्या बाबतीत मराठी माणसाची एक खास गोची आहे. आपण इंग्रजी क्रियापद उचलतो आणि त्याला 'करणे' जोडतो, तिकीट बुक केलं, फॉर्म प्रिंट केला, फोन चार्ज केला. त्यामुळे बुक, प्रिंट, चार्ज हे आपल्या कानाला नामासारखेच वाटतात, क्रिया ती 'करणे' मध्ये. इंग्रजीत मात्र 'आय बुक्ड द टिकेट' मध्ये बुक एकटाच सगळी क्रिया ओढतो, त्याला करणेचा टेकू लागत नाही. असे शब्द रोज तोंडात असतात, त्यांचीच यादी करा, चांगला सराव होतो.

आता प्रेपोझिशन, इथे जरा थांबा. आपलं शब्दयोगी अव्यय नामाला मागून चिकटतं, टेबलावर, घरासमोर. इंग्रजीतलं सुटं उभं राहतं आणि नामाच्या आधी येतं, 'ऑन द टेबल'. एवढं सोपं आहे, कळतं. अवघड हे की आपल्या 'ला' आणि 'बद्दल' ची सवय तिकडे घुसते. पुण्याला पोहोचलो म्हणून 'रीच्ड टू पुणे', परीक्षेबद्दल चर्चा केली म्हणून 'डिस्कस्ड अबाउट द एक्झाम', दोन्ही चूक, 'रीच्ड पुणे' आणि 'डिस्कस्ड द एक्झाम' एवढंच हवं.

प्रेपोझिशन, कंजंक्शन आणि ॲडव्हर्ब यांच्यात गोंधळ होत असेल तर शब्दाच्या पुढे काय आलंय तेवढं बघा. 'बिफोर लंच', पुढे नुसतं नाम, म्हणून प्रेपोझिशन. 'बिफोर ही केम', पुढे कर्ता आणि क्रियापद असलेलं अख्खं वाक्य, म्हणून कंजंक्शन. 'आय हॅव सीन इट बिफोर', पुढे काहीच नाही, ॲडव्हर्ब. आफ्टर आणि सिन्सलाही हीच पट्टी लागते.

प्रोनाउन सोपे आहेत, फक्त मराठीतली ती खुर्ची, तो पंखा आणि ते टेबल, इंग्रजीत तिघेही 'इट', आणि आपण, आम्ही दोन्हीला 'वी'. इंटरजेक्शनवर वेळ घालवू नका, वाऊ, ओह, संपलं. (गंमत म्हणजे 'शी' हा इंग्रजीत प्रोनाउन आणि आपल्याकडे कचऱ्याजवळून जाताना केवलप्रयोगी.)

अ, ॲन, द हे मात्र मराठीत नाहीतच, म्हणून ते विसरले जातात. शाळेच्या पुस्तकात त्यांना बऱ्याचदा ॲडजेक्टिव्हमध्ये कोंबलेलं असतं, नव्या व्याकरणात माय, दिस, एव्हरी यांच्यासोबत डिटरमायनर असा वेगळा गट करतात, म्हणून कुठे आठ लिहिलेलं दिसतं कुठे नऊ. घाबरू नका, परीक्षेला तुमच्या पुस्तकात जे असेल ते लिहा.

सरावाला गाईड वगैरे आणायची गरज नाही. बिस्किटाच्या पुड्यावरची, औषधाच्या खोक्यावरची, बँकेच्या मेसेजमधली दोन इंग्रजी वाक्यं रोज वहीत उतरवा, आधी व्हर्ब शोधा, कारण तो सापडला की कोण करतंय आणि कशावर करतंय हे आपोआप दिसतं, मग उरलेल्यांना कामं विचारा. प्रत्येक शब्दाखाली जात लिहिताना शेजारी कारणही लिहा, 'पुढे नाम आहे म्हणून' इतकं त्रोटक चालेल. पहिल्या आठवड्यात भाचीने जाम कंटाळा केला, मग स्वतःच चॉकलेटच्या कागदावर 'स्टोअर इन अ कूल प्लेस' वाचून ओरडली की मामा इथे स्टोअर म्हणजे दुकान नाही!

तिला पुढचं वाक्य दिलंय ते तुम्हीही करून बघा: 'आय नो दॅट दॅट मॅन इज राइट'. दोन दॅट शेजारी शेजारी, दोघांची जात वेगळी. अडलात तर मराठीत करा, मला माहितीये की तो माणूस बरोबर आहे. एक दॅट 'की' झाला, दुसरा 'तो' झाला, आता लिहा वहीत.