मॉडेल गाड्यांसाठी फळ्या-पत्र्याचं गॅरेज : १:२४ मापात

कपाटात ओळीने लावलेल्या मॉडेल गाड्यांकडे चार दिवसांनी कुणी बघत नाही. त्यातलीच एक पद्मिनी बॉनेट उघडून गॅरेजात उभी केली, की घरी आलेला माणूस वाकून आत डोकावतो. म्हणून हे गॅरेज. तेही चकाचक शोरूमचं नाही, तर एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर असतं तसं: लाकडी खांब, फळ्यांच्या भिंती, वर पन्हळी पत्रा आणि दारात टांगलेला टायर.

आधी माप

मी इथे १:२४ धरलं आहे, म्हणजे प्रत्येक वस्तू खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढी. या मापात बारीक काम हाताला झेपतं आणि गॅरेज टेबलाच्या कोपऱ्यात मावतं. तुमच्या गाडीवर माप छापलेलं नसेल तर खऱ्या गाडीच्या लांबीला मॉडेलच्या लांबीने भागा. अँबेसेडर साधारण ४.३ मीटर लांब. हातातलं मॉडेल १२ सेंटिमीटर भरलं तर ते १:३६. मग खाली दिलेले आकडे त्या हिशेबाने बदलून घ्या.

६ मीटर बाय ४ मीटरचं गॅरेज १:२४ मध्ये २५ बाय १७ सेंटिमीटर होतं. बाजूच्या भिंती ३ मीटरच्या, म्हणजे १२.५ सेंटिमीटर, आढं ४ मीटरवर, म्हणजे साधारण १६.५. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी ३.९ मीटरच्या आसपास, म्हणजे मॉडेल १६ सेंटिमीटरचं. ते आत राहून मागे कामाच्या टेबलाला जागा उरते.

लांबी-रुंदी बहुतेक जण नीट मोजतात. फसतं ते जाडीत. आइस्क्रीमची काडी साधारण २ मिलिमीटर जाड असते, म्हणजे या मापात जवळजवळ ५ सेंटिमीटरची फळी. अशी फळी गॅरेजवाला कशाला लावेल? कॉफी ढवळायच्या लाकडी पट्ट्या घ्या. त्या सव्वा-दीड मिलिमीटर जाड आणि ५-६ मिलिमीटर रुंद असतात, म्हणजे पाच-सहा इंची फळी बरोबर जमते. खांबांना ४ मिलिमीटर चौरस काठी हवी (खरा खांब ४ इंची). बाल्सा किंवा पाइनची मिळते.

बाकीचं सामान: तळाला ६ मिलिमीटर एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड), फेविकॉल, कटर, लोखंडी पट्टी, छोटा गुण्या, २२० आणि ४०० नंबरचे पॉलिश पेपर आणि अॅक्रिलिक रंग. सागाचे उरलेले तुकडे घरात असले तरी वापरू नका. सागाच्या रेषा या मापात फार ढोबळ दिसतात.

लाकूड जुनं करणं

हे चिकटवण्याआधी करायचं, नंतर नाही. फेविकॉल जिथे पसरतो तिथे लाकूड रंग पीत नाही आणि प्रत्येक जोडापाशी फिकट डाग राहतो.

उन्हापावसातलं लाकूड तपकिरी नसतं, करडं असतं. तो करडेपणा स्वयंपाकघरातच तयार होतो. काचेच्या बरणीत पांढरं व्हिनेगर घ्या, त्यात साधे लोखंडी खिळे किंवा स्टील वूल टाका आणि दोन-तीन दिवस ठेवा. झाकण घट्ट लावू नका, कारण आत वायू तयार होतो. भांडी घासायचा चमकणारा चोथा चालत नाही. तो स्टेनलेस असतो. जस्त चढवलेले खिळेही नकोत. दुसरीकडे चहा भरपूर उकळून कडक, बिनदुधाचा काढा करा.

पट्ट्यांना आधी चहा लावून वाळवा, मग व्हिनेगरचं पाणी लावा. चहातल्या टॅनिनशी, म्हणजे तुरट द्रव्याशी, व्हिनेगरमध्ये उतरलेल्या लोहाची प्रक्रिया होते आणि काही मिनिटांत लाकूड करडं-काळं पडायला लागतं. फिक्या लाकडात मुळात टॅनिन कमी असतं, म्हणून चहाची पायरी गाळू नका. सगळ्या पट्ट्यांना सारखं लावूही नका. काहींना एक हात, काहींना दोन, दोन-चार नुसत्या चहाच्या. खऱ्या भिंतीत एखादी फळी कधीतरी बदललेली असतेच.

वाळल्यावर कडांवरून ४०० चा पॉलिश पेपर हलकेच फिरवा.

सांगाडा आणि भिंती

प्रत्येक भिंतीचं पूर्ण मापाचं चित्र कागदावर काढा, वर प्लॅस्टिकची पिशवी ताणून चिकटवा आणि भिंत त्यावर आडवी ठेवूनच जुळवा. खांब, आडव्या पट्ट्या आणि मग बाहेरून उभ्या फळ्या. फळ्यांमध्ये अगदी केसाएवढी फट ठेवा. संध्याकाळी आत दिवा लावल्यावर तिचं महत्त्व कळेल. खालची टोकं एका रेषेत कापू नका. आडवी पट्टी जिथे फळीमागून जाते तिथे सुईने दोन-दोन टोचे मारा आणि त्यात पेन्सिलचं टोक फिरवा, म्हणजे खिळे दिसतात.

भिंती उभ्या करताना प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावा आणि रात्रभर हलवू नका. समोरची बाजू उघडीच राहू द्या. दाराच्या दोन फळ्या बाहेरच्या अंगाला टेकवून चिकटवल्या की पुरे. बिजागऱ्या हलत्या करण्याच्या नादात बऱ्याच जणांचं गॅरेज अर्ध्यावर राहतं.

भिंतीच्या खालच्या एक-सव्वा सेंटिमीटरला पातळ मातकट रंग द्या. पागोळ्यांचं पाणी जमिनीवरून उडून तेवढ्याच उंचीपर्यंत चिखल चढवतं. गॅरेज कोकणातलं असेल तर तांबडा, मराठवाड्यातलं असेल तर काळपट.

पत्रे

छपरावर वेळ घालवा. वरून बघणाऱ्याला पहिलं तेच दिसतं. खऱ्या पन्हळी पत्र्याच्या दोन पन्हळींमधलं अंतर साधारण ३ इंच असतं, म्हणजे इथे ३ मिलिमीटरच्या थोडं वर. मोबाइलच्या किंवा पिझ्झाच्या खोक्याच्या पातळ पुठ्ठ्यात आतल्या लाटा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतात. वरचा कागद ओला करून सोलून काढला की साचा तयार. टीव्ही-फ्रिजच्या जाड खोक्याच्या लाटा दुपटीने मोठ्या असतात, त्या नकोत.

पण पुठ्ठाच छपरावर चढवला तर त्याची जाड कड लगेच चुगली करते. म्हणून पुठ्ठा फक्त साचा म्हणून वापरायचा. हॉटेलातून पार्सल येतं त्या अॅल्युमिनियमच्या डब्याचा सपाट तळ कापून घ्या, साच्यावर ठेवा आणि विणायच्या सुईने एकेक खाच दाबत जा. सुरुवात एका कडेकडून करा. मधून केली तर पत्रा दोन्हीकडून ओढला जातो आणि फाटतो. एक खाच पूर्ण बसल्याशिवाय पुढची घेऊ नका.

असे साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब तुकडे करा. खरा पत्राही साधारण तीन फूट रुंद आणि आठ फूट लांब असतो. एकसंध मोठा पत्रा लावला की सगळं खोटं वाटतं. कैच्या (छपराचे तिकोनी सांगाडे) आणि रिपा (त्यांवरच्या आडव्या पट्ट्या) चिकटवून झाल्या, की पत्रे खालून वर लावत या: शेजारच्या पत्र्यावर एक पन्हळ चढवून, वरची रांग खालच्या रांगेवर. इथे फेविकॉल धरत नाही, सुपरग्लू घ्या. मात्र खिडकीला पारदर्शक प्लॅस्टिक असेल तर ते सगळ्यात शेवटी बसवा, कारण सुपरग्लूच्या वाफेने ते धुरकट होतं.

गंज सगळीकडे फासायचा नसतो. तो खिळ्यांच्या भोकांपासून सुरू होतो, पत्र्यांच्या जोडावर धरतो आणि पन्हळीतून खाली ओघळतो. म्हणून ब्रशही वरून खालीच ओढायचा. वर दोन दगड, एखादा जुना टायर आणि निळ्या ताडपत्रीचा तुकडा ठेवा, वाऱ्याला म्हणून. छप्पर भिंतींना चिकटवू नका, उचलून काढता आलं पाहिजे.

आत काय

जमीन म्हणजे सिमेंटचा कोबा: ४०० चा पॉलिश पेपर तळाला चिकटवून करड्या रंगाचे दोन पातळ हात. इंजिन येतं त्या जागी काळा-तपकिरी डाग आणि त्यावर चमकदार वार्निशचा ठिपका. वाळलेलं तेल मंद दिसतं, ताजं चमकतं, दोन्ही ठेवा.

तेलाचं २०० लिटरचं पिंप या मापात २४ मिलिमीटर व्यासाचं आणि ३७ मिलिमीटर उंचीचं होतं. चार फुटी ट्यूबलाइट ५ सेंटिमीटरची. पाने-पकडी बारीक तारेच्या, ठोकून चपट्या केलेल्या. भिंतीवर कॅलेंडर, कोपऱ्यात गणपतीचा फोटो, दारावर लिंबू-मिरची. खंडेनवमीचं गॅरेज दाखवायचं असेल तर नारिंगी दोऱ्याच्या बारीक गाठींचं झेंडूचं तोरण करा आणि हत्यारांना कुंकवाचे ठिपके द्या. बाहेर टांगलेल्या टायरवर पांढऱ्या रंगाने ‘पंक्चर’ लिहा, अक्षर जरा वाकडंच येऊ द्या.

दिव्याला वॉर्म व्हाइटचा ३ मिलिमीटरचा एक एलईडी बस झाला. ३ व्होल्टच्या सीआर२०३२ बटण सेलवर तो थेट लागतो. यूएसबीच्या ५ व्होल्टला जोडणार असाल तर मध्ये १५० ओहमचा रेझिस्टर हवाच.

गाडी उभी करण्याआधी चाकांखाली पारदर्शक प्लॅस्टिकचे छोटे तुकडे ठेवा. मॉडेलचे मऊ टायर महिनोन्‌महिने एका जागी राहिले की खालच्या रंगाला चिकटतात. वरून ३ मिलिमीटर अॅक्रिलिकची पेटी घाला. या मापातली धूळ पुसता येत नाही. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि बटण सेल काढून ठेवा.