सोसायटीला ओढ्यावर न्यायचं असेल तर

मी शाळेत भूगोल शिकवायचे. आता निवृत्त आहे, आणि पुण्यातल्या आंबिल ओढ्याकाठच्या सोसायट्यांची ओढाफेरी काढते. तुम्हाला काढायची असेल तर आधी एकच सांगते, भाषण नको. पुणेकरापुढे भाषण केलं की तो प्रश्न विचारतो, आणि त्याचं उत्तरही तोच देतो.

सुरुवात ओढ्यावर नाही, पार्किंगमध्ये करा. पावसाळी गटाराच्या जाळीभोवती सगळ्यांना उभं करायचं आणि विचारायचं, "हे पाणी कुठे जातं?" बरेचजण "मैलाशुद्धीकरण केंद्रात" म्हणतात. तिकडे जाते ती ड्रेनेजची लाइन. पावसाळी लाइन वेगळी, ती कुठलीही प्रक्रिया न होता ओढ्यात उतरते. गाडी धुतलेला साबण, सांडलेलं ऑइल, रंगाऱ्याने खळबळलेले ब्रश, सगळं तसंच ओढ्यातून मुठा नदीत.

मग मुलांना गच्चीचं गणित घाला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 200 चौरस मीटरच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पडला की 10 हजार लिटर, म्हणजे एक टँकर! पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा नसेल तर हा टँकर आपणच ओढ्यात रिकामा करतो, आणि तोही शेजारच्या प्रत्येक इमारतीबरोबर एकाच वेळी. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री या ओढ्याला आलेला पूर काठावरच्या अरण्येश्वरच्या लोकांना वेगळा सांगावा लागत नाही. चेअरमन तिथेच शोषखड्ड्याचा खर्च विचारू लागतात.

फेरी हिवाळ्यातल्या रविवारी, सकाळी सातला. एक-दीड किलोमीटर पुरे. पावसाळ्यात अजिबात नको, कात्रजच्या डोंगरात पडलेला पाऊस इथे ऊन असतानाही पाणी चढवतो. पात्रात कुणीही उतरायचं नाही. पुलावरून दोरी बांधलेल्या डब्याने पाणी काढा, हातमोजे घाला आणि पाणी पांढऱ्या ट्रेमध्ये ओता. त्यात वळवळणाऱ्या लाल अळ्या दिसल्या तर ओळखा, पाण्यात प्राणवायू बहुधा फार कमी आहे. या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या तिथेही तगतात. बहुतेक मासे तगत नाहीत. मुलं इथून हलत नाहीत, वेळ हातात ठेवा.

निर्माल्याचा विषय निघतोच. "फुलं काय, कुजूनच जातात की!" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका. "काकू, कुजतात म्हणूनच. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो," एवढंच सांगा आणि ट्रेकडे बोट दाखवा. घरचं निर्माल्य कुंडीत जिरवणाऱ्या एखाद्या बाई प्रत्येक गटात असतात. पुढचं त्यांना बोलू द्या, त्यांचं जास्त ऐकतात.

चहाच्या आधी कामं वाटून घ्या, चहानंतर माणसं पांगतात. जाळीवर नजर वॉचमनची, शोषखड्ड्याचं कोटेशन कमिटीचं, तक्रारी कॉलेजच्या मुलांच्या. राडारोडा टाकलेला दिसला तर महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर फोटो टाकायचा, आणि त्यात जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर यायलाच हवा. नुसतं "ओढ्याजवळ" लिहिलं तर जागा कोणालाच सापडत नाही.