समुद्रकाठी धावण्याच्या सरावाला जाताना: मुक्काम आणि परिसराची तयारी

मुक्काम ठरवताना बहुतेक जण आधी खोलीचे फोटो बघतात. धावण्याच्या सरावासाठी जाणार असाल तर हा क्रम उलटा करा. आधी धावायची वाट ठरवा, मग त्या वाटेवर कधी धावता येईल ते बघा, आणि या दोन्हींना सोयीची पडेल ती खोली घ्या. खिडकीतून समुद्र दिसला नाही तरी सराव अडत नाही. रोज धावण्याआधी गाडी काढावी लागली की तिसऱ्या दिवसापासून संध्याकाळचं धावणं आपोआप गळतं.

म्हणून पहिलं काम नकाशाचं. उपग्रहाचं चित्र उघडा आणि मुक्कामाच्या दारापासून अंतरं मोजा. गाडी न काढता आठ-दहा किलोमीटरची फेरी होते का? वेगाच्या सरावासाठी एखादा किलोमीटर सपाट, टणक आणि कमी वर्दळीचा रस्ता आहे का? जवळपास चढ आहे का? किनाऱ्याला लागून टेकडी असेल तर ती जागा सोडू नका, कारण नुसत्या सपाटीवर आठवडा काढला की पायांना तोच तो भार पडत राहतो. रस्त्याच्या कडेला पाऊल टाकण्याइतकी जागा आहे का आणि पहाटे दिवे असतात का, हे नकाशावर नीट कळत नाही. ते मालकाला फोन करूनच विचारा. पदपथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने धावायचं, त्यामुळे त्या बाजूची कड कशी आहे तेही विचारून घ्या.

दुसरं काम भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाचं, आणि माझ्या मते तिकीट काढण्याआधी करायचं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी ६ वाजता ओहोटी असेल, तर आठवड्याने त्याच वेळी पाणी जवळजवळ भरलेलं असेल. सकाळचे सराव वाळूवर करायचे असतील तर सुट्टीचे दिवस त्या हिशेबाने निवडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: ओहोटीला पुळण लांबवर उघडी पडते, पण भरतीला पाणी तितकंच वर चढतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा हा फरक कमी. काही किनाऱ्यांवर दिवसातून एकच भरती येते, आणि भूमध्य किंवा बाल्टिकसारख्या जवळजवळ बंदिस्त समुद्रांत चढउतार बऱ्याच ठिकाणी नगण्य असतो. तिथे ही आकडेमोड सोडून द्या.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हे मात्र पक्कं लक्षात असू द्या. भरतीच्या सुमारे सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत निम्मी चढण होते. खडकाच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर जायचा बेत असेल तर ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी निघा आणि पाणी वळल्याबरोबर परत या. त्या टोकाला वरून जाणारी दुसरी वाट आहे की नाही, हे आदल्या दिवशी चालत जाऊन बघा.

आता वाळू. धावायला उत्तम पट्टा म्हणजे नुकतंच पाणी ओसरलेला ओला भाग. टाच जोरात दाबून बघा: बुटाचा ठसा स्वच्छ उमटला आणि कडा ढासळल्या नाहीत तर तो पट्टा टणक आहे. टाच रुतून वाळू बुटाच्या काठावर आली तर आणखी पाण्याकडे सरका. कोरड्या, भुसभुशीत वाळूत त्याच वेगाने धावायला टणक जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, आणि पोटऱ्या व टाचेमागच्या शिरेवर ताण येतो. पहिल्या दिवसांत ती दहा-पंधरा मिनिटांपुरतीच ठेवा. किनाऱ्याला उतार असतो, त्यामुळे एकाच दिशेने लांब धावलं की एक पाय सतत खालच्या बाजूला राहतो आणि गुडघा, कंबर कुरकुरू लागते. जेवढं जाल तेवढंच त्याच पट्ट्यावरून परत या. अनवाणी धावायची हौस असेल तर शिंपले, काचा आणि किनाऱ्याला लागलेले जेलीफिश बघून, थोडंच.

वाऱ्याचं गणित सोपं आहे. निरभ्र दिवसांत दिवसा समुद्राकडून खारे वारे वाहतात, दुपारी त्यांचा जोर असतो. रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारे, बहुधा मंद. वेगाचा सराव पहाटे करा. लांब पल्ल्याला जाताना वारा तोंडावर आणि परतताना पाठीवर घ्या. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही, म्हणून घड्याळातल्या वेगाऐवजी श्वास आणि नाडी बघून धावा. उष्णतेची सवय पुरती व्हायला १० ते १४ दिवस लागतात; आठवड्याचीच सुट्टी असेल तर कठीण सराव शेवटच्या दिवसांकडे ढकला. धावण्याआधी आणि नंतर वजन केलं की घामाचा अंदाज येतो, एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. वजन वाढेल इतकं पाणी मात्र पिऊ नका, रक्तातलं सोडियम घसरतं. टोपी आणि सनस्क्रीन हवंच: कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरणं परत फेकतो.

खोलीसाठी फोनवर विचारायच्या गोष्टी थोड्याच. बाहेर पाय धुवायला नळ आहे का, कपडे वाळवायला वारा लागणारी जागा आहे का, फ्रिज आहे का, नाश्ता किती वाजता मिळतो आणि पहाटे निघण्याआधी काही हलकं खाता येईल का. स्वयंपाकघर मिळालं तर फारच छान. दुपारची झोप हा सरावाचाच भाग आहे, म्हणून जाड पडदे आणि शांतता यांवर तडजोड नको.

बुटांचे दोन जोड न्या. खारं पाणी लागलं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, आतले तळवे काढून वेगळे वाळवा, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तास-दोन तासांनी बदला. कडक उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका, डिंक आणि फोम खराब होतो. काखेत, मांड्यांना लावायला व्हॅसलीन घ्या. मिठाने घासलेली त्वचा फार आग करते.

जवळचं रुग्णालय, तिथला आपत्कालीन क्रमांक आणि वाटेवर मोबाइलची रेंज कुठे जाते, हे कागदावर लिहून ठेवा. धावून झाल्यावर पाण्यात उतरणार असाल तर जीवरक्षक असलेल्या जागीच. ओढ लागली तर तिच्याशी झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा.

पोहोचल्या दिवशी सराव ठेवू नका. संध्याकाळी उद्याची वाट नुसती चालून या: कुत्री कुठे बसतात, पाणी कुठे मिळतं, दिवे कुठे संपतात. मग पहाटेचा गजर लावा.