दोन खोल्यांच्या घरात गृहविलगीकरण कसे सांभाळावे

१४ एप्रिल २०२१ रोजी रात्री आठपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागू झाले आणि त्याच आठवड्यात माझ्या सासूबाईंचा करोना चाचणीचा अहवाल पॉझिटिव्ह आला. आमचे घर म्हणजे बैठकीची खोली, झोपण्याची खोली आणि चिंचोळे स्वयंपाकघर. माणसे चार आणि न्हाणीघर एकच. अशा घरात रुग्णाला वेगळे कसे ठेवायचे, हे त्या दिवसांत आम्ही डॉक्टरांना विचारत आणि चुका सुधारत शिकलो. जे उपयोगी पडले ते येथे क्रमाने मांडत आहे.

रुग्णाला घरी ठेवायचे की नाही, हे आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. वय साठच्या पुढे असेल किंवा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असेल, तर डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय घरी राहू नये. रुग्णासाठी स्वतंत्र खोली आणि चोवीस तास लक्ष देणारे एक माणूस, या दोन गोष्टी नसल्यास तेव्हाच्या कोविड केंद्रात जाण्यात कसलाही कमीपणा मानण्याचे कारण नव्हते. एकाच खोलीत सहा माणसे राहत असताना चादरीचा पडदा लावून विलगीकरण होत नाही.

खोली निवडताना मोठी खोली न पाहता बाहेरच्या बाजूस उघडणारी खिडकी कोणत्या खोलीला आहे ते पाहावे. २०२० च्या पहिल्या टाळेबंदीत आपण सर्वांनी भाज्या धुण्यात आणि दुधाच्या पिशव्या पुसण्यात तासन् तास घालवले. मात्र हा विषाणू मुख्यतः श्वासाबरोबर हवेतून पसरतो आणि बंद खोलीत ती हवा साचून राहते, हे आपल्याला उशिरा उमगले. म्हणून रुग्णाच्या खोलीची खिडकी दिवसरात्र उघडी ठेवावी. टेबलपंखा असल्यास तो खिडकीजवळ बाहेरच्या दिशेला तोंड करून लावावा, म्हणजे खोलीतली हवा बाहेर फेकली जाते आणि घरातली हवा दाराच्या फटीतून आत ओढली जाते. उलट दिशेने लावला, तर रुग्णाच्या खोलीतली हवा घरभर जाते. पहिले दोन दिवस आम्ही नेमके हेच केले होते. दार बंद ठेवावे. शेजारच्या खोलीचीही एखादी खिडकी उघडी असावी, नाहीतर पंखा ओढणार तरी कुठून?

न्हाणीघर एकच असेल तर घरातल्या सर्वांचे आटोपल्यावर शेवटी रुग्णाने जावे. जाताना मास्क लावावा, बाहेर आल्यावर खिडकी उघडी आणि असल्यास एक्झॉस्ट पंखा अर्धा तास चालू ठेवावा आणि तोपर्यंत दुसऱ्याने आत जाऊ नये. नळ, कडी आणि फ्लशचे बटण साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावे. जेवणासाठी दाराबाहेर एक स्टूल ठेवावे. ताट ठेवून आपण मागे सरल्यावर रुग्णाने दार उघडावे. भांडी वेगळी ठेवावीत आणि नेहमीच्या साबणानेच, पण स्वतंत्रपणे घासावीत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे वही. दिवस मोजताना अहवालाची तारीख न धरता पहिला ताप, खोकला किंवा अंगदुखी जाणवली तो दिवस धरावा, कारण प्रकृती बिघडायची असेल तर ती बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास बिघडते. ताप उतरला म्हणून याच दिवसांत घरचे निर्धास्त होतात. वहीत दिवसातून चार वेळा ताप, नाडी आणि ऑक्सिजन लिहावा. ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्के दाखवणारे बोटाला लावायचे छोटे यंत्र, लावण्यापूर्वी रुग्णाने पाच मिनिटे शांत बसावे, हात गार असल्यास चोळून ऊबदार करावा, नखांचा रंग पुसावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत बोट हलवू नये. डॉक्टरांनी नाही म्हटले नसेल, तर सहा मिनिटांची चालण्याची चाचणीही करावी. ऑक्सिमीटर बोटाला लावून रुग्णाने खोलीतच सपाट जमिनीवर सहा मिनिटे चालावे. साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटे पुरतात. चालल्यावर आकडा ९३ च्या खाली गेला, तीनपेक्षा अधिक अंकांनी घसरला किंवा धाप लागली, तर लगेच डॉक्टरांना कळवावे. बसल्या जागीच आकडा ९४ पेक्षा कमी असेल किंवा दम लागत असेल, तर ही चाचणी करत बसू नये. छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, बोलण्यात गोंधळ होणे किंवा माणूस जागे होत नसणे, यांपैकी काहीही दिसले तर वहीतला आकडा चांगला असला तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

औषधांच्या बाबतीत आग्रहाने एकच सांगते. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरचे स्टेरॉइड घरच्या घरी सुरू करू नये. ते ठरावीक रुग्णांनाच, ठरावीक वेळी उपयोगी पडते. चुकीच्या वेळी दिल्यास साखर वाढते आणि अपायच होतो. वाफेने चोंदलेले नाक मोकळे वाटते, पण विषाणू मरत नाही. लहान मुले असलेल्या घरात उकळत्या पाण्याचे पातेले जमिनीवर ठेवू नये.

तोंडाची चव आणि वास गेलेल्या माणसाला पूर्ण ताट पाहूनच नको होते. सासूबाईंना मऊ मुगाची खिचडी, पेज आणि ताक थोडे थोडे, दर दोन तासांनी दिले, तेव्हा पोटात काही गेले. सोबत लिंबाची फोड दिली, तर आंबटपणा तेवढा जाणवतो.

काळजी घेणारे माणूस एकच असावे, शक्यतो तरुण आणि निरोगी. त्याने खोलीत जाताना तीन पदरी मास्क लावावा आणि तो ओला झाला की बदलावा. त्या वेळच्या नियमाप्रमाणे रुग्णाचा कचरा पिवळ्या पिशवीत बांधून पालिकेच्या कर्मचाऱ्यांकडे वेगळा द्यावा लागे. इतरांचे वापरलेले मास्क ७२ तास कागदी पिशवीत ठेवून मगच टाकायचे असत. सामानासाठी घराबाहेर पडायचे नसते आणि त्या दिवसांत किराणा दुकानेही सकाळी सात ते अकराच उघडी होती, त्यामुळे एका शेजाऱ्याला आदल्या रात्रीच यादी पाठवावी आणि पिशवी दाराच्या कडीला अडकवायला सांगावी.

लक्षणे सुरू झाल्यापासून किमान दहा दिवस झाले आणि सलग तीन दिवस ताप नसला, की विलगीकरण संपते, असा त्या वेळचा नियम होता. पुन्हा चाचणी करण्याची गरज नव्हती. अकराव्या दिवशी सासूबाई बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या. गोधड्या आणि चादरी धुऊन गच्चीत उन्हात टाकल्या, वही मात्र जपून ठेवली, कारण पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी आधी तीच मागितली.